हॅझॉप म्हणजे काय?



आपल्यापैकी अनेक घरांत कोणी ना कोणी रिफायनरीत किंवा केमिकल प्लांटमध्ये कामाला आहे. "या आठवड्यात हॅझॉप आहे, घरी यायला उशीर होईल," हे त्या घरांत नेहमी ऐकू येते. हे हॅझॉप म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात पाहू या.

यंत्रसामग्रीतील धोके आधीच शोधून काढण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत तयार झाली. प्लांटच्या नकाशाचे छोटे भाग पाडतात. प्रत्येक भागातील प्रवाह, दाब, तापमान आणि पातळी यांना 'नाही', 'जास्त', 'कमी', 'उलट' असे शब्द लावून पाहतात. समजा, 'पातळी जास्त' झाली. कशामुळे होईल? परिणाम काय? ते रोखायला आज काय आहे? तेवढे पुरेसे आहे का? पुरेसे नसेल तर उपाय लिहितात आणि तो कोणी, कधीपर्यंत करायचा तेही ठरवतात.

हे कागदी काम वाटते, पण २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत नेमकी 'पातळी जास्त' झाली. युनिट सुरू करताना उंच टॉवरमध्ये द्रव भरत राहिला, बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होती. पातळी दाखवणारे उपकरण चुकीचा आकडा दाखवत होते आणि वरच्या पातळीचा अलार्म वाजलाच नाही. ज्वालाग्राही द्रव बाहेर उसळला आणि स्फोट झाला. १५ जण मेले, १८० जखमी झाले. मेलेले सगळे जवळच उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते. म्हणून 'अलार्म आहे' एवढे उत्तर पुरत नाही. तो चालतो का, कोणी तपासला, आणि आजूबाजूला माणसे कुठे बसतात, हेही विचारावे लागते.

अमेरिकेत १९९२ च्या ओशा नियमानुसार, धोकादायक रसायने ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्लांटमध्ये असे विश्लेषण सक्तीचे आहे. निदान दर ५ वर्षांनी ते पुन्हा तपासावे लागते. या नियमामागे १९८४ च्या भोपाळची आठवणही आहे. टीममध्ये त्या प्रक्रियेचा प्रत्यक्ष अनुभव असलेला निदान एक कर्मचारी हवाच.

येथेच आपल्या मंडळींना एक विनंती. मोठ्यांसमोर, साहेबांसमोर गप्प बसायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. या मीटिंगमध्ये मात्र ती बाजूला ठेवा. "तो व्हॉल्व्ह रात्रपाळीत नेहमी अडकतो," हे ठाऊक असलेला माणूस बोलला नाही, तर ते कागदावर येत नाही आणि दुरुस्तही होत नाही. तुमचा प्रश्न कितीही साधा वाटला, तरी विचारा.