रानांत कोणतें हत्यार न्यावें?



चाकू-कोयत्यांविषयीं एका सेवानिवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाचा पहिला धडा मला फार महाग पडला आहे. तोच आधीं सांगतों.

पंचवीस वर्षांपूर्वीं नववीच्या मुलांना घेऊन मी राजगडाच्या पायथ्याशीं शिबिरास गेलों होतों. जाण्यापूर्वीं फूटभर पात्याचा एक चकचकीत सुरा मीं विकत घेतला, आणि वाळलेली बाभळीची फांदी तोडण्यासाठीं तो एका विद्यार्थ्याच्या हातीं दिला. दुसऱ्याच घावाला पातें मुठींत हललें, लांकडावरून उसळलें आणि मुलाच्या नडगीवर बसलें. टांके घालावे लागले. मुलगा बरा झाला. पण दोष त्याचा नव्हता. हत्यार मीं निवडलें होतें, आणि तें केवळ दिसण्यावरून निवडलें होतें.

तेव्हां पहिला नियम हा कीं, आधीं काम ठरवावें आणि मग हत्यार. शिबिरांतील कामें मोजलीं तर तीं बहुतेक बारीकसारीकच निघतात: दोरी कापणें, भाजी चिरणें, तंबूची खुंटी तासणें. त्यांना चार इंची पात्याचा चाकू पुरे होतो. घडीचा चाकू घेतल्यास उघडलेलें पातें अडकवून ठेवणारी कळ त्याला असावी. नाहीं तर तें मिटून बोटांवर येतें. न मिटणारा घेतल्यास पात्याचें लोखंड मुठीच्या टोंकापर्यंत गेलें आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. माझ्या सुऱ्याचें लोखंड मुठींत दोनच बोटें गेलेलें होतें.

मनगटाएवढें लांकूड कापावयाचें असेल, तर शहरी माणसानें कुऱ्हाडीऐवजीं घडीची करवत न्यावी. करवतीचे दांते लांकडांतच राहतात. कुऱ्हाडीचा चुकलेला घाव पायावर येतो. कुऱ्हाडीचें पातें पाचरेसारखें जाड असतें, कारण लांकूड फोडणें हें तिचें खरें काम. तिचा दांडा चिवट लांकडाचा असावा. धावडा त्यासाठीं नांवाजलेला आहे. दांड्यावर पातें हलत असेल, तर पाचर ठोकून तें घट्ट केल्यावांचून कुऱ्हाड उचलूं नये.

आपला कोयता याहून निराळा. त्याचें वजन टोंकाकडे असतें, म्हणून घाव मनगटाच्या जोरापेक्षां वजनानेंच बसतो. आणि पुढचा बांक फांदीला धरून ठेवतो, म्हणून पातें सहसा निसटत नाहीं. झुडपें आणि करवंदीच्या जाळ्या तोडण्यास त्याच्यासारखें हत्यार नाहीं. लोहार पुष्कळदां मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें पोलाद त्यासाठीं वापरतात. त्या पोलादांत कर्ब अधिक असल्यामुळें धार टिकते, पण गंजहि लवकर चढतो. म्हणून काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा. न गंजणाऱ्या पोलादांत क्रोमियम निदान शेंकडा १०.५ असतें, पावसाळी हवेंत स्वयंपाकाचा चाकू त्याचाच बरा.

दुसरा नियम धारेचा. बोथट हत्यार निरुपद्रवी, हा मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर अधिक लागतो, आणि जोरानें चालविलेलें पातें कोठें जाईल याचा नेम नसतो. म्हणून धारेचा दगड बरोबर असावा. चाकू नेहमीं अंगापासून दूर चालवावा, आणि चालतांना पातें म्यानांत असावें.

तिसरा नियम रानाचा. उभें झाड तोडूं नये. भीमाशंकर किंवा हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवान्यावांचून झाड तोडणें वा लांकूड उचलून नेणें हा गुन्हा आहे. तेथें जातांना लहानसा स्टोव्ह घ्यावा, म्हणजे कुऱ्हाड-कोयत्याची गरजच उरत नाहीं.

त्या शिबिरानंतर माझ्या सामानांत एक लहान चाकू, एक करवत, धारेचा दगड आणि जखमेवर बांधावयाची पट्टी, एवढेंच असे. आणि हत्यार कसें धरावें हें पहिल्या संध्याकाळींच मी मुलांना शिकवीत असें. आपणहि मुलांच्या हातीं कोणतेंहि हत्यार देण्यापूर्वीं तें स्वतः चालवून पाहावें, एवढीच माझी विनंती आहे.