ग्राहक किती, की ग्राहकामागे किती?

२०१७च्या सुमारास एसटी स्टँडबाहेर छत्री आणि टेबल मांडून पोरं सिमकार्डं विकत बसलेली असायची. आधार नंबर सांगा, अंगठा लावा, सिम चालू. त्यांना टार्गेट एकच : ॲक्टिव्हेशन किती झाली?

हे टार्गेट ठरत होतं ते समोरच्याच्या चालीवरून. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात आली. कॉल फुकट, सुरुवातीला डेटाही फुकट. जेमतेम १७० दिवसांत १० कोटी ग्राहक. समोरचा फुकट वाटत असताना दर वाढवण्याचं उद्दिष्ट कोण ठेवणार? असलेला ग्राहक टिकवायचा आणि नवा ओढायचा, एवढंच बाकीच्यांच्या हाती उरलं. त्या रेट्यात लहान कंपन्यांनी गाशा गुंडाळला किंवा त्या मोठ्यांत विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. मैदानात तीन खासगी कंपन्या उरल्या, जोडीला सरकारी बीएसएनएल.

गर्दी ओसरली तशी मोजपट्टीच बदलली. २०१८च्या अखेरीस एअरटेलने सिम चालू ठेवायचं तर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचं रिचार्ज हवं, असा आग्रह धरला. नुसते इनकमिंग घेणारे आणि दुसरं सिम खिशात ठेवणारे गळाले. एका तिमाहीत ग्राहक सुमारे ३३ कोटींवरून २८ कोटींवर आले. एरवी ही नामुष्की ठरली असती. पण दर ग्राहकामागचं मासिक उत्पन्न, म्हणजे ‘आर्पू’, थोडं वर सरकून १०४ रुपये झालं, आणि आता तोच आकडा महत्त्वाचा होता. पुढे एअरटेलने २०० आणि मग ३०० रुपयांचं लक्ष्य जाहीरपणे सांगितलं. डिसेंबर २०१९ आणि जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. त्यात एकेकाळी फुकट वाटणारी जिओही होती.

ग्राहकाला याची झळ बारीकसारीक गोष्टींत बसते. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. अखेर २०२२मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला. डिसेंबर २०२४मध्ये, डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन देणंही बंधनकारक केलं. चुरस जोरात असती, तर असे प्लॅन प्रतिस्पर्ध्यानेच ग्राहक पळवण्यासाठी आणले असते. ती मंदावली म्हणून ते काम नियामकाच्या गळ्यात पडलं.