नडगीचं हाड जुळेना तेव्हा
नेरजवळ दुचाकी घसरून मामांची नडगी मोडली. यवतमाळला सळई बसवली, पण महिने लोटले तरी हाड जुळेना. "त्यात सिमेंट नाही भरता येत का जी?" मामींनी डॉक्टरांना विचारलं. प्रश्न वेडगळ नव्हता; हाड जुळवणारं काही तिथे भरण्याचे प्रयत्न खरंच होतात.

नडगीवर पुढून नुसती कातडी, त्यामुळे रक्तपुरवठा तोकडा. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं, पेशी जमतात, आधी कूर्चा आणि मग हाड तयार होतं. पेशींना हा हुकूम देतात प्रथिनं. 1965 साली अमेरिकेच्या मार्शल युरिस्ट यांनी खनिजं काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे चक्क नवं हाड उगवलं! त्यामागच्या प्रथिनांपैकी बीएमपी-2 हे 2004 पासून अमेरिकेत नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी मंजूर आहे. पण ते महाग, शिवाय लवकर विरतं. म्हणून डोस भरमसाट. मग सूज येण्याची, भलतीकडेच हाड वाढण्याची भीती.

यावर शोधला जाणारा तोडगा म्हणजे जनुक उपचार. त्यात प्रथिन ओतत नाहीत. ते बनवण्याची कृती, म्हणजे जनुक, निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून पेशींना देतात. पुढे पेशीच ते बनवत राहतात. प्राण्यांत हे साधलंय, माणसांच्या नेहमीच्या उपचारात अजून नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या 2023 साली मंजूर झालेल्या नेक्सकार19 मध्येही विषाणूच जनुक पोचवतो, पण तो उपचार रक्ताच्या कर्करोगावर. तिथे जिवावर बेतलेलं असतं, म्हणून उपचाराची जोखीम पत्करतात. मोडक्या पायासाठी किती पत्करावी, हाच माझ्या मते खरा अडसर.

मामांना त्यांच्याच कमरेचं हाड काढून लावलं: पेशी, प्रथिनं, सांगाडा, सगळं आयतं. बिडीही बंद केली. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हे मामांना पटवायला मात्र जनुकं समजावण्यापेक्षा जास्त वेळ गेला.