घर दणाणतं, पण संवाद कुठे जातात?

दिवाळीच्या बोनसमधून किंवा मुलाच्या पहिल्या पगारातून घरात होम थिएटर येतं. दुकानातला मुलगा वायरी खोचतो, एखादं दणदणीत गाणं लावतो, खिडकीच्या काचा थरथरल्या की सगळे खूश! तो चहा पिऊन जातो आणि त्यानंतर त्या यंत्राच्या सेटिंगला कुणी हात लावत नाही. मग रोजचा खेळ सुरू. मालिकेतली सून काहीतरी महत्त्वाचं पुटपुटते, ते ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा. लगेच पार्श्वसंगीत असं अंगावर येतं की पाळण्यातलं बाळ दचकतं. म्हणून कमी करायचा. की पुढचं वाक्य गेलंच! रिमोट म्हणून खाली ठेवायची सोय नाही.

या खेळात हरतं ते घरातलं वयस्कर माणूस. "अगं, काय म्हणाला तो?" पहिल्यांदा सून सांगते, दुसऱ्यांदा नातू सांगतो, तिसऱ्यांदा "आजी, पुढचं जातंय ना!" असं ऐकायला मिळतं. चौथ्यांदा आजी विचारतच नाहीत. थोड्या दिवसांनी त्या आतल्या खोलीत माळ घेऊन बसायला लागतात. "तुमचं चालू द्या, मला कुठे एवढी आवड आहे!" आणि आपण धरून चालतो की आईंना टीव्हीचा कंटाळा आलाय.

मैत्रिणींनो, कानाचा दोष असेल, नाही असं नाही. पण निम्मा दोष त्या पेटीचा असू शकतो आणि तो तासाभरात दूर करता येतो. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. फोडणी तडतडली की करपली हे पलीकडच्या खोलीतून आवाजावरून ओळखणारे आपले कान पुरेसे आहेत.

आधी या पेटीत असतं काय ते बघू. 5.1 असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्यातले पाच म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंवा किंचित मागे एकेक सराऊंड. तो 'पॉइंट एक' म्हणजे धडधड काढणारा सबवूफर. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. संगीत पसरतं डाव्या-उजव्यातून, पाऊस, गर्दी, विमान मागून. आता आपल्याकडे होतं काय? मधला स्पीकर शोकेसच्या आतल्या कप्प्यात, काचेमागे, वर क्रोशाचा रुमाल आणि पुढे गणपतीची मूर्ती! म्हणजे घरात सगळ्यात महत्त्वाचं बोलणाऱ्याच्याच तोंडावर हात. काही घरांत तर पाचही स्पीकर टीव्हीशेजारी ओळीने मांडलेले असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. दिसायला छान, पण मग मागून येणारा पाऊसही समोरूनच येतो आणि बोलण्यावर पडतो.

बोलणं बोलणाऱ्याच्या तोंडून आल्यासारखं वाटावं, ही धडपड जुनी आहे. ॲलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर 1931 मध्ये होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. पडद्यावरचा माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातोय आणि आवाज मात्र एकाच कर्ण्यातून, जागचा हलत नाही. हे सुधारायचा मार्ग मला सापडलाय, असं तो तिला म्हणाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्जही केला. स्टीरिओ ध्वनीचा पाया तिथे घातला गेला. आपल्याकडे 1975 च्या 'शोले'त नाणं उडवल्यावर प्रेक्षक खुर्चीखाली वाकून ते शोधायचे, ही आठवण जुनी मंडळी अजून सांगतात. तो 70 एमएम प्रिंटमधल्या स्टीरिओफोनिक आवाजाचा परिणाम. पण एक लक्षात घ्या, थिएटरात प्रत्येक कर्ण्याचा आवाज मोजून, जुळवून ठेवलेला असतो. आपल्या हॉलमध्ये तो कुणी जुळवलेलाच नसतो.

जुळवायचा म्हणजे काय? बसायच्या जागेवर पाचही स्पीकरचा आवाज सारख्या जोराने पोचला पाहिजे. सोफ्याच्या हातापाशी असलेला सराऊंड दोन फुटांवर आणि मधला दहा फुटांवर असेल, तर जवळचा सहज बाजी मारणार. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण उतरतो.

हे डेसिबल प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून 'बेल' आणि त्याचा दहावा हिस्सा तो डेसिबल. या बेल यांच्या आईला फार कमी ऐकू यायचं. त्यांच्या पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती तर लहानपणी स्कार्लेट फीव्हरमध्ये गेली होती. आवाज मोजायच्या मापाला ज्याचं नाव आहे, त्याच्या स्वतःच्या घरातच ऐकू न येणारी दोन माणसं होती! हे माप साध्या बेरजेचं नाही. तीन डेसिबल वाढले की यंत्राची ताकद दुप्पट लागते, दहा वाढले की दहापट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. एका डेसिबलचा फरक धड कळतही नाही, तीनचा कळतो. म्हणून सेटिंग करताना मिठासारखं वागायचं, चिमूट चिमूट.

आता प्रत्यक्ष काम. दुपारची निवांत वेळ निवडा. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर उतरलेला. मधला स्पीकर काचेबाहेर काढून टीव्हीच्या खाली, कप्प्याच्या कडेला आणा आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. खाली पुठ्ठ्याची घडी घालून थोडा तिरका केला तरी चालतो. सराऊंड दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीच्या जरा वर. मग ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याच खुर्चीत तुम्ही बसा. सेटिंग नेहमी मुलगा करतो आणि तो बसतो सोफ्याच्या मधोमध. आजींची खुर्ची असते दाराजवळ, कोपऱ्यात. तिथे काय पोचतं, हे कुणी बघितलेलंच नसतं.

रिमोटवर किंवा मेन्यूत 'टेस्ट टोन' शोधा. तो लावला की एकेका स्पीकरमधून आळीपाळीने खरखर येते, पूर्वी टीव्हीवर मुंग्या आल्या की यायची तशीच. ही खरखर मुद्दाम बनवलेली असते. तिच्यात जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांचे सूर असतात. डावा, मधला, उजवा, मग मागचे. मुख्य आवाजाला हात न लावता प्रत्येक स्पीकरची वेगळी 'लेव्हल' वर-खाली करून सगळ्यांची खरखर सारखी करायची. डोळे मिटून ऐका, फरक चटकन कळतो. मोबाइलमध्ये आवाज मोजणारं ॲप असेल तर उत्तमच. मोबाइल कानाच्या उंचीवर, माइकचं टोक छताकडे, 'सी' आणि 'स्लो' असे पर्याय असतील तर ते निवडायचे. जाणकार 75 डेसिबलवर जुळवतात. तुमच्याकडे 68 किंवा 70 आले तरी बिघडत नाही, पाचही जण एका आकड्यावर आले की झालं. मोबाइलचा आकडा नेमका असेलच असं नाही, पण आपल्याला एकाची दुसऱ्याशी तुलनाच करायची आहे आणि तेवढं तो नीट करतो.

सबवूफरच्या बाबतीत मात्र मोबाइलवर विश्वास नको. त्याच्या माइकला खर्जातले सूर पुरते पकडता येत नाहीत. तिथे कानच. सबवूफर खोलीच्या कोपऱ्यात कोंबला की भिंती त्याचा आवाज आणखी फुगवतात. आधी त्याला कोपऱ्यातून फूट-दोन फूट बाहेर काढा, मग पाठीमागचं बटण कमी करा. बोलताना पुरुषाचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटत असेल, तर वूफर अजून जास्त आहे असं समजा.

स्वस्तातल्या सेटला टेस्ट टोन नसतो. पण पुष्कळ रिमोटवर सेंटर, सराऊंड, वूफर अशी वेगळी बटणं असतात. बातम्या लावा आणि निवेदिकेचा आवाज टीव्हीच्या मधोमधून, स्पष्ट येईपर्यंत जुळवा. इथे एक गोष्ट तपासा. टीव्हीला होम थिएटर लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेलं असेल, तर त्यातून डावा-उजवा असे दोनच भाग येतात. 'स्टीरिओ' लावलं तर मधला स्पीकर गप्पच बसतो. 'प्रो लॉजिक' किंवा तसा पर्याय असेल तर तो निवडला की दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं यंत्र मधल्या स्पीकरकडे वळवतं. महागड्या सेटबरोबर एक छोटा माइक येतो आणि यंत्र स्वतःच सगळं मोजतं. तो माइक बहुतेक घरांत खोक्यातच पडून असतो, शोधा!

सगळं सारखं झालं की शेवटी एक पक्षपात करायचा. मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वर ठेवायचा. याचं कारण कानात आहे. वय वाढतं तसे आधी बारीक, वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. स्वर ऐकू येतात, म्हणून 'आवाज येतोय' असं वाटतं, पण शब्द कळत नाही. 'साडी'ची 'गाडी' होते ती अशी. एकूण आवाज वाढवला तर संगीतही तितकंच वाढतं आणि व्यंजनं पुन्हा त्याखाली दबतात. म्हणूनच आजी म्हणतात, "ओरडू नकोस गं, मला ऐकू येतंय, कळत नाहीये." त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं असतं.

बार्शीच्या माझ्या एका मैत्रिणीने हे सगळं केलं. नवरा ऑफिसला, मुलगा कॉलेजला गेलेला. शिवणकामाच्या टेपने अंतरं मोजली (काही सेटमध्ये तीही भरावी लागतात), सासूबाईंना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांनाच विचारत विचारत लेव्हल लावल्या. मधला स्पीकर बाकीच्यांपेक्षा कितीतरी खाली निघाला. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कुणाला बोलावलं होतंस?" सासूबाई म्हणाल्या, "कशाला कुणाला बोलवायचं?" मला या गोष्टीत सगळ्यात आवडलं ते हे, की सासूबाईंना कुणीतरी विचारलं. त्यांच्यासाठी म्हणून आणलेल्या वस्तूबद्दल तोवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

अर्थात स्पीकर जुळवूनही बोलणं कळत नसेल, फोनवरही अडत असेल, एकाच कानाने कमी येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. कधी नुसता मळ असतो. कधी श्रवणयंत्र लागतं आणि ते जितकं उशिरा घ्यावं तितकं त्याच्याशी जमवून घेणं जड जातं. "या वयात आता कशाला" हे वाक्य चष्म्याच्या वेळी आपण म्हणत नाही, मग कानाच्याच वेळी का?

आणि शेजारीही आहेतच. भिंतीपलीकडे संवाद जात नाहीत, जातो तो खर्ज. चित्रपट मुळात मोठ्या थिएटरसाठी मिसळलेले असतात. तिथे एकेका कर्ण्याचा क्षणिक आवाज 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकेल अशी जागा ठेवलेली असते, म्हणून कुजबुज आणि स्फोट यांत एवढी दरी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. रात्री 'नाइट मोड' लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. बाळ झोपलेलं असेल तर दिवसाही लावायला हरकत नाही.

जुळवलेले आकडे मात्र एका कागदावर उतरवून ठेवा : डावा किती, मधला किती, मागचे किती, वूफर किती. काही सेट लाइट गेली की सगळं विसरतात, काही घरांत पाहुण्यांची मुलं बटणं दाबून जातात. चिठ्ठी शोकेसच्या दाराला आतून चिकटवा. स्पीकरच्या खाली जागेवर खडूने खूणही करा, कारण दिवाळीच्या साफसफाईत ते हलणारच, आणि मधल्याच्या पुढे कुणीतरी पुन्हा मूर्ती ठेवणार.