स्त्रीवेष आणि स्त्रीत्व

चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत, आणि शेजारच्या भंडारा-गोंदियाकडील भागात, जो अरण्यमय मुलूख पसरला आहे त्यास तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. हलक्या धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, म्हणजे गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. दंडारीतील स्त्रीपात्रेही पुरुषांनीच करावयाची, असा तिचा जुना परिपाठ. खडीगंमतीतही तेच; तिच्यातील लुगडे नेसून नाचणारा नाच्या हा पुरुषच. दिवसा जो बांधावर राबतो तोच रात्री पायांत चाळ बांधून उभा राहतो, आणि गावास त्यात काही वावगे वाटत नाही. निदान खेळ चालू असेपर्यंत तरी वाटत नाही. देवीच्या यात्रांत दिसणारा पोतराजही केस वाढवितो, कपाळी कुंकवाचा मळवट भरतो आणि कमरेस रंगीबेरंगी खणांचा घागरा बांधतो. तो संसारी गृहस्थ असतो. त्याचा वेष हे त्याच्या सेवेचे चिन्ह होय.

वडशास, म्हणजे देसाईगंजास, ज्या नाटक कंपन्या आज नांदत आहेत त्यांची गोष्ट निराळी. तेथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करतात. ह्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळ रसिकांस झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकू आले असेल. असो.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे तृतीयपंथी, पारलिंगी, ट्रान्सजेंडर, क्रॉसड्रेसर असे अनेक शब्द वर्तमानपत्रांतून कानी पडतात, आणि सुशिक्षित घरांतही ते सर्व एकाच अर्थाचे समजले जातात. पुरुषाने साडी नेसली की तो 'तसला', एवढ्या एका समजुतीत सगळ्यांची बोळवण होते. आमच्या मते वस्त्र ही एक गोष्ट आहे आणि 'मी कोण' ही अंतरीची जाणीव ही सर्वस्वी दुसरी. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढणे जितके सोपे, तितकेच ते फसवे आहे.

आपल्याच घरातील उदाहरण घ्या. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी 1911 साली 'मानापमाना'त भामिनी उभी केली. त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. त्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी निवर्तली असता ते रंगभूमीवर उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. आणि तीत भामिनीच्या शालूआड उभा असलेला एक पिताच आपल्याला दिसतो. पुढे 1935 साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले. स्त्रीवेष ही त्यांची कला होती. ती त्यांची लिंगभावाची ओळख होती असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणण्यास आधारही नाही. मात्र एक गोष्ट मनास टोचल्यावाचून राहत नाही. ज्या दिवाणखान्यात बालगंधर्वांची तसबीर झळकत असे, त्याच घराच्या दारी तृतीयपंथीयांची टाळी वाजली की कडी आतून लागे.

उलट बाजूचा दाखला कोल्हापूरचा. गणपत पाटील (निधन 2008) यांनी तमाशापटांत नाच्याच्या भूमिका इतक्या हुबेहूब वठविल्या की लोकांनी भूमिकेवरून माणूस ठरवून टाकला, आणि त्या कुचेष्टेची झळ त्यांच्या कुटुंबासही लागली. आनंद यादव यांच्या 'नटरंग' (1978) ह्या कादंबरीचा नायक हाही असाच एक पिळदार शरीराचा गडी. पोटासाठी आणि कलेच्या वेडापायी तो नाच्या होतो आणि समाज त्याला मोडून काढतो. तीवरील चित्रपट 2010 साली लाखोंनी पाहिला. टाळ्या पडल्या, डोळे पाणावले. समजूत किती बदलली ते सांगणे कठीण आहे.

महाभारतकारांची दृष्टी ह्या बाबतीत आमच्याहून सूक्ष्म होती. अज्ञातवासाचे वर्ष अर्जुनाने विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडा होऊन काढले, उत्तरेस नृत्य शिकविले. मुदत सरताच गांडीव पुन्हा हाती घेतले. शिखंडीचे तसे नव्हे. कन्या म्हणून जन्मलेला, पुत्र म्हणून वाढविलेला, दशार्णराजाच्या मुलीशी विवाह झाल्यावर संकटात सापडलेला तो जीव, स्थूण यक्षाकडून पुरुषत्व घेऊन येतो आणि पुढे आयुष्यभर शिखंडी म्हणूनच जगतो. एकाचा वेष एका वर्षाचा. दुसऱ्याचे सारे जीवितच पणास लागलेले. दोघांस एका नावाने हाक मारणे व्यासांस सुचले नाही.

आज ज्यांस आपण तृतीयपंथी म्हणतो, त्यांत घराणी आहेत, गुरू आणि चेले आहेत, स्वतःच्या चालीरीती आहेत. कोणी हिजडा म्हणून परंपरेत राहतात, कोणी देवीस वाहिलेले जोगते असतात, तर कोणी डेऱ्याची वाट न धरता, नोकरी करून, साधी स्त्री म्हणून जगू पाहतात. जन्माने स्त्री ठरविलेले पण अंतरी पुरुष असलेलेही आहेत. त्यांच्याकडे तर समाजाचे लक्षच गेलेले नाही. इंग्रज सरकारने 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये उत्तर हिंदुस्थानात ह्या लोकांची नोंदवही केली, आणि नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा ठरविला. लुगडे हाच पुरावा! सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी जो निकाल दिला त्याचे महत्त्व येथे कळते. आपला लिंगभाव ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे न्यायालयाने त्यात मानले. 2019 साली संसदेने कायदा केला, त्यातील मूळ व्याख्याही जन्मवेळी ठरविलेले लिंग आणि स्वतःची ओळख ह्यांतील विसंगतीवर उभी होती. पोशाखाचा तीत उल्लेख नव्हता.

आता राहिला तो मनुष्य, ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. तो नट नाही, भक्त नाही, तृतीयपंथीही नाही. नोकरीधंदा करतो, संसार करतो, स्वतःस पुरुषच समजतो. पण केव्हातरी दार लावून साडी नेसतो, आणि त्याला त्यात स्वास्थ्य वाटते. बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1910 साली अशा माणसांवर मोठा ग्रंथ लिहिला व त्यांस 'ट्रान्सव्हेस्टाइट' हे नाव दिले. त्यांत पुष्कळसे पुरुष स्त्रियांवरच प्रेम करणारे होते, हे त्या काळच्या वैद्यांस अनपेक्षित होते. पुढे ह्या सवयीस दीर्घकाळ मनोविकारांच्या यादीत स्थान होते. जागतिक आरोग्य संघटनेची जी वर्गवारी 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली, तीतून ते काढून टाकले आहे. अशा माणसास कोणी ट्रान्सजेंडर ह्या विस्तृत छत्राखाली घेतात, कोणी घेत नाहीत. त्या समाजातही ह्यावर मतभेद आहेत. कित्येक तृतीयपंथीयांस वाटते, आम्ही घर गमावले, भाकरी गमावली, आणि हा सायंकाळी साडी घडी करून कपाटात ठेवतो. आमचे नाव त्यास का द्यावे? ही तक्रार निराधार नाही. तथापि त्या कपाटाची किल्ली जपताना त्या गृहस्थास वाटणारी धास्तीही खोटी नाही.

आणि कधी असेही घडते की आज जो गंमत म्हणून, नाटक म्हणून लुगडे नेसतो, त्यास वर्षांनी उमगते की आपले खरे रूप तेच होते. म्हणून अनुमान दोन्ही बाजूंनी टाळावे लागते. मुलीने सदरा-विजार घातली तर आज कोणी तिला बोलावून घेऊन विचारपूस करीत नाही. मुलाने आईची साडी अंगावर घेतली तर मात्र घरात सुतक पडते. मारझोड होते, वैद्य शोधले जातात, लग्न उरकले जाते. हा शेवटचा उपाय तर सर्वांत घातकी, कारण त्यात एका परक्या मुलीचे आयुष्यही पणास लावले जाते. त्याऐवजी त्या मुलास शांतपणे विचारावे, आणि त्याचे उत्तर आज 'मला ठाऊक नाही' असे आले तर तेही ऐकून घ्यावे.