गर्भाशयाचा कर्करोग : ओळख व निदान (विशेष संदर्भ : खोपोली परिसर)

प्रस्तावना :
बोलीभाषेत ‘पिशवीचा कॅन्सर’ या एकाच नावाने दोन भिन्न आजार ओळखले जातात : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग. दोहोंची कारणे व निदानपद्धती वेगळ्या आहेत. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. एका आजारासाठी झालेली तपासणी दुसऱ्याबाबत खोटा दिलासा देऊ शकते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग :
हा आजार ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून उद्भवतो. पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा वा अधिक वर्षे जातात. म्हणून लक्षणांपूर्वीची तपासणी उपयुक्त ठरते. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणू चाचणी एकदाच उपलब्ध केलेल्या गटात या आजाराने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या गटात ६४. शासकीय कार्यक्रमात ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची डोळ्यांनी पाहणी केली जाते. दोष आढळल्यास कॉल्पोस्कोपी व बायोप्सीने निदान निश्चित होते. समागमानंतर रक्तस्राव व दुर्गंधीयुक्त स्राव ही याची प्रमुख लक्षणे होत.

अंतःस्तराचा कर्करोग :
हा आजार प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतर होतो. स्थूलता, मधुमेह, अपत्यहीनता व प्रोजेस्टेरॉनविना मिळणारे इस्ट्रोजेन यांमुळे धोका वाढतो. सुमारे ९० टक्के रुग्णांत अनियमित रक्तस्राव हे लक्षण असते. उपरोक्त पाहणी किंवा पॅप चाचणी हा आजार शोधण्यासाठी नाही. त्यासाठी योनीमार्गे सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रीत ती ४ मि.मी. पेक्षा अधिक असल्यास, किंवा जाडी कमी असूनही रक्तस्राव पुन्हा होत राहिल्यास, अस्तराचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक ठरते. अशा रक्तस्रावाचे कारण बहुतांश वेळा कर्करोग नसते. तथापि तपासणीविना तसे ठरवता येत नाही.

स्थानिक संदर्भ :
‘पाळी परत आली’ असे समजून हा रक्तस्राव दुर्लक्षिला जाणे, हाच निदानातील मोठा अडसर होय. कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर संकोच आणि बुडणारी रोजंदारी यांची त्यात भर पडते. वास्तविक टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील कर्करोग केंद्र याच रायगड जिल्ह्यात आहे. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी लक्षणाचा अर्थ कळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ग्रामीण कुटुंबांशी थेट संपर्क येतो. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून एकदा जरी रक्त गेले, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. पूर्वीची तपासणी ‘निर्दोष’ असली तरीही जावे. एवढा एकच संदेश प्राध्यापकांनी घरोघरी पोहोचविल्यास आजार आरंभीच्या अवस्थेत सापडण्याची शक्यता वाढेल. या अवस्थेत बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात.