काशीच्या वाटेवर सोबतीला पडदा : व्हिडिओ प्लेअरची निवड करताना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी महानगरी एक्स्प्रेस सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर कापून वाराणसीस पोहोचते, तेव्हा संपूर्ण एक दिवस उलटून गेलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात धुके उतरले की त्यात आणखी काही तासांची भर सहज पडते. पूर्वी हा वेळ जाडजूड कादंबरी, पत्त्यांचा कॅट आणि सहप्रवाशांशी रंगलेल्या गप्पा यांवर निभावून नेला जाई. आता जवळजवळ प्रत्येक बर्थवर एक पडदा उजळलेला दिसतो, आणि बहुतेक वेळा तो पडदा मोबाइलचा असतो.

वाराणसीच्या शाखेत बदलून आल्यापासून महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंशी, तसेच ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबांकडे येणाऱ्या पाहुण्यांशी प्रस्तुत लेखकाचा वारंवार संबंध येतो. स्थानकावरून थेट शाखेत आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाची अडचण पुष्कळदा एकच असते : खात्यात पैसे आहेत, पण मोबाइल बंद पडला आहे. रात्रभर चित्रपट पाहून बॅटरी संपलेली. त्यामुळे यूपीआय नाही, ओटीपी नाही, धर्मशाळेचा क्रमांक नाही आणि मुलाशी संपर्कही नाही. म्हणूनच या लेखाचे प्रतिपादन साधे आहे. ज्या उपकरणात आपले तिकीट, आपला बँक व्यवहार आणि आपले संपर्क आहेत, त्यावर लांबच्या प्रवासात करमणुकीचा भार टाकू नये. करमणुकीसाठी वेगळे उपकरण असावे.

ही कल्पना नवी नाही. पॅनासॉनिकने १९९८ मध्ये हातात धरता येईल असा पहिला डीव्हीडी प्लेअर बाजारात आणला. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलच्या आयपॉडवर व्हिडिओ दिसू लागला; त्याचा पडदा अवघा अडीच इंचांचा होता. आपल्याकडे त्याच सुमारास ‘एमपी-फोर प्लेअर’ या नावाने स्वस्त चिनी उपकरणांची रेलचेल झाली. २०१० मध्ये आयपॅड आला आणि टॅबलेटचे युग सुरू झाले. २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनही थांबले. घरात जुना पोर्टेबल डीव्हीडी प्लेअर असेल आणि आजोबांची संगीत नाटके तबकड्यांवर असतील, तर तो अवश्य जपावा. मात्र गाडीच्या हादऱ्यांत तबकडी अडखळते आणि तिची मोटर बॅटरीही अधिक खाते. नव्याने खरेदी करणाऱ्याने सिमकार्डाविना, केवळ वायफायवर चालणारा टॅबलेट घ्यावा, असे आमचे मत आहे.

पडदा किती मोठा असावा, याचा निर्णय दुकानातील लखलखाटात करू नये. उपकरण दहा मिनिटे एका हातात धरून पाहावे. वरच्या बर्थवर आडवे होऊन पाहायचे असेल तर आठ ते नऊ इंचांचा पडदा सोयीचा पडतो. दहा-अकरा इंचांचा पडदा दोघांना मिळून पाहण्यास उत्तम, पण त्यास टेकू लागतो. तेव्हा मागे उभे करता येणारे कव्हर त्याच वेळी घ्यावे. दिवसा खिडकीतून ऊन आत आले की कमी उजेडाचा पडदा आरसा बनतो, हेही ध्यानात असावे.

एका तांत्रिक बाबीकडे विक्रेते सहसा लक्ष वेधत नाहीत. चित्रपट पुरवणारी बहुतेक ॲप्स अँड्रॉइडच्या उपकरणाचा ‘वाइडवाइन’ हा सुरक्षा-दर्जा तपासतात. तो ‘एल-वन’ असेल तरच चित्र पूर्ण स्पष्टतेने मिळते. ‘एल-थ्री’ असेल तर कितीही महाग वर्गणी भरली तरी चित्र धूसरच राहते. अनेक स्वस्त टॅबलेट या दुसऱ्या वर्गात मोडतात. पडद्याची गुणवत्ता सांगणारे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, ही गोष्ट मात्र विचारूनच घ्यावी लागते.

डोंगर-जंगलाच्या पट्ट्यांत गाडी शिरली की नेटवर्क येत-जात राहते. कसाऱ्याच्या घाटातील बोगद्यांतही तोच अनुभव. म्हणून जे पाहायचे ते घरीच उतरवून घ्यावे. मध्यम दर्जाचा अडीच तासांचा चित्रपट साधारण एक जीबी जागा घेतो, असे धरून चालण्यास हरकत नाही. त्यामुळे ६४ जीबीच्या उपकरणात, आज्ञावलीची जागा वजा जाता, जाण्यायेण्यापुरते साहित्य सुखाने मावते. मेमरी कार्डाची खाच असल्यास उत्तम. ॲपमध्ये उतरवलेला चित्रपट त्याच ॲपमध्ये आणि ठरावीक दिवसांपुरताच दिसतो. निघण्याच्या आदल्या रात्री मोबाइल व वायफाय बंद करून एकदा लावून पाहावा, म्हणजे इटारसीच्या पुढे निराशा होत नाही.

विजेचा हिशोब हा या विषयाचा गाभा आहे आणि तो बँकेच्या हिशोबाइतकाच सरळ आहे. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच हा आकडा दिसतो, परंतु तो आतील ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-तास. बाहेर पाच व्होल्टने वीज देताना घट होऊन हाती त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश उरते. लहान अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तोच खरा मानावा. ५,००० एमएएचचा मोबाइल त्यावर एकदा पूर्ण आणि थोडासा वर भरतो, इतकेच. ती वीज मोबाइलसाठी राखून ठेवावी. टॅबलेट डब्यातील सॉकेटवर भरावा. मात्र २०२१ मध्ये आगीच्या घटनांनंतर रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यातील चार्जिंगची वीज बंद ठेवण्याचे धोरण पुढे आणले, म्हणून भरण्याचे काम संध्याकाळीच उरकावे. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, चेक-इन सामानात मुळीच चालत नाही.

स्थानकावरील अनोळखी यूएसबी खाचेत केबल जोडू नये. अशा खाचेतून उपकरणातील माहिती चोरली जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फसवणूकविषयक पुस्तिकेत ‘ज्यूस जॅकिंग’ या नावाने याचा उल्लेख आहे. स्वतःचा चार्जर भिंतीतील प्लगमध्ये लावावा.

आवाजाबद्दल एवढेच, की वायरचा साधा हेडफोन अजूनही सर्वांत भरवशाचा. त्याला चार्जिंग लागत नाही आणि दोघांसाठी विभाजकही स्वस्तात मिळतो. रात्री दहानंतर डब्यात मोठ्या आवाजात काही लावणे नियमाविरुद्ध आहे. दिवसाही शेजाऱ्याला दुसऱ्याची विनोदी मालिका ऐकण्याची सक्ती का व्हावी?

आता पैशाची बाजू. ‘विनाव्याज हप्ते’ ही जाहिरात पाहून अनेक ग्राहक आकर्षित होतात. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकातच स्पष्ट केले होते. समजा टॅबलेटची किंमत १८,००० रुपये आहे आणि रोखीने घेणाऱ्यास १,००० रुपये सूट मिळते. हप्त्यांत घेणाऱ्यास ती मिळत नाही. शिवाय २०० रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये. म्हणजे ‘विनाव्याज’ खरेदीस १,२३६ रुपये अधिक पडले, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजाच्या भागावरील जीएसटी वेगळाच. यात्रा चार महिन्यांनी असेल तर आवर्ती ठेवीत दरमहा रक्कम बाजूला टाकून रोखीने खरेदी करणे अधिक शहाणपणाचे.

नव्या टॅबलेटवर बँकेचे ॲप घालू नये, ईमेल उघडे ठेवू नये. तो केवळ चित्रपटांचा असावा. मग तो नातवाच्या हाती देताना किंवा कोठे ठेवून जाताना जीव टांगणीला लागत नाही. काशीत याचे महत्त्व विशेष आहे. श्री काशी विश्वनाथ मंदिरात मोबाइल व अन्य इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येत नाहीत. त्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. टॅबलेट मुक्कामीच कुलपात ठेवावा आणि मंदिरापर्यंत फक्त मोबाइल न्यावा, तोही बंद करून. थोडी रोख रक्कम मात्र जवळ असू द्यावी.

मुघलसराय, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनकडून येणारी गाडी १८८७ साली सुरू झालेल्या मालवीय पुलावरून गंगा ओलांडते. पहाट असेल तर घाटांची चंद्रकोर उजळताना दिसते. त्या काही मिनिटांसाठी चांगल्यातला चांगला चित्रपटही थांबवावा.

एक बाब राहिली. चोरीस गेलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून ‘संचार साथी’ संकेतस्थळाद्वारे बंद करता येतो. केवळ वायफायच्या टॅबलेटला असा क्रमांकच नसतो. म्हणून त्याच्या मागील सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्यावा, बिलाची एक प्रत घरी ठेवावी आणि पडद्याला संकेतांक लावूनच पिशवीत भरावा.